फोटोबाईचा जड हात

"मग तूच म्हणाली होतीस ना, पायाला कुरूप आहे म्हणून?" मास्तरांचा आवाज चढला. "घरात एवढी जाणती बायको असताना मी कशाला जाऊ दवाखान्यात?"

"कुरूप आहे म्हटलं होतं. ब्लेडनं सोला असं म्हटलं नव्हतं!"

"सोलतोय कुठे? वर आलेलं तेवढं तासतो. टोचतं पायडलला."

"शिवण उसवायच्या ब्लेडनं? त्याच ब्लेडनं लोकांचे पडदे उसवायचे आणि त्याच ब्लेडनं..."

"पुसून घेतो की मी."

"पुसून घेतात म्हणे! वा!"

"अगं, ते रक्त आधी गार पाण्यानं धुऊन काढा," स्वयंपाकघराच्या दारातून वन्सं म्हणाल्या. "मग काय तो संसार मोडायचा तो मोडा. डाग वाळला की निघत नाही."

रक्त सायीच्या रंगाच्या पडद्यावर पडलं होतं. पडदा गिऱ्हाइकाचा होता, आज द्यायचा होता, आणि त्याच्या खालच्या काठावर पायाच्या अंगठ्यापासून टाचेपर्यंतचा अर्धामुर्धा ठसा उमटला होता. भांडण त्यावरूनच सुरू झालं होतं. मास्तर पडदे शिवायचे, गेली चाळीस वर्षं, आणि कायम अनवाणी. चप्पल घातली की मशीनचा वेग पायाला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. उजव्या तळव्याच्या मध्यावर, पायडलची जाळी जिथे टेकते नेमकं तिथेच, वर्षभरापूर्वी ते आलं होतं. आधी मुगाएवढं, मग वाटाण्याएवढं.

"पाय इकडे करा," ती म्हणाली.

"आता काय बघतेस? आठ महिन्यांपूर्वी बघितलंस तेवढं पुरे."

"पाय करा म्हटलं ना!"

मास्तरांनी खुर्चीवर बसून पाय वर घेतला. तिनं तो मांडीवर घेऊन खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि वाकून पाहिलं. कुरूप पिवळट असतं, कडक असतं, तासलं तर चुन्यासारखा भुगा निघतो. हे लालबुंद होतं. ओलसर. भोवतीनं खंदकासारखी बारीक खाच होती, आणि नुसतं बोट लागलं तरी त्यातून रक्ताचा थेंब वर येत होता. एकोणीस वर्षं ती लोकांच्या अंगावरच्या असल्याच गोष्टींचे फोटो काढत होती. एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

"काय गं?" मास्तरांचा आवाज एकदम खाली आला. "बोलत का नाहीस?"

"चप्पल घाला," ती म्हणाली. "माझ्याबरोबर चला."

*

दवाखान्यात तिला सगळे फोटोबाई म्हणत. कातडीच्या विभागात बाहेर बसायची बाकं, आत डॉक्टरांची खोली, आणि तिच्याही आत, जिथे पूर्वी चादरी ठेवत, तिथे तिची बिनखिडकीची खोली. एक उंच पलंग, एक पडदा (तोही मास्तरांनीच शिवलेला), आणि टेबलावर यंत्र. डर्मोस्कोप म्हणतात त्याला. तळहातात मावणारं भिंग, त्याच्या भोवती दिव्यांचं कडं. ते कातडीवर टेकवलं की कातडीच्या आतलं दिसतं. रंगाचे ठिपके, बारीक रक्तवाहिन्या, पांढऱ्या रेघा. डोळ्यांना जी नुसती गाठ दिसते, तिच्या पोटात काय आहे याचा अंदाज त्यावरून डॉक्टरांना बांधता येतो.

तिचे वडील फोटो स्टुडिओ चालवायचे. परीक्षेचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, लग्न ठरायच्या आधीचे मुलींचे फोटो. शाळा सुटली की ती तिथे बसून बारीक ब्रशनं त्या मुलींच्या गालावरचे मुरमांचे डाग, हनुवटीवरचे तीळ पुसून टाकायची. चांगला फोटो म्हणजे स्वच्छ फोटो, हे तिथे शिकली. पुढे स्टुडिओ बुडाला, आणि ती ज्या नोकरीला लागली तिथे तीळ पुसायचे नव्हते, तिळांचेच फोटो काढायचे होते. "देवाला विनोद कळतो," असं ती पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगत असे.

त्या वेळचे मोठे डॉक्टर शिस्तीचे. भिंगाखाली तेल किंवा जेल लावावं लागतं, आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकतात. एक बुडबुडा दिसला की मोठे डॉक्टर फोटो परत पाठवायचे. "बुडबुडा म्हणजे आळस," असं म्हणायचे. तिनं त्यावर स्वतःचा उपाय काढला. जेल थोडंच लावायचं, भिंग टेकवायचं, आणि मनगटाचा जोर देऊन घट्ट दाबायचं. बुडबुडे कडेनं सटकतात. फोटो आरशासारखा येतो. मोठ्या डॉक्टरांनी कॉलेजच्या मुलांपुढे तिचे फोटो धरून म्हटलं होतं, "असा हात पाहिजे." त्या दिवशी ती पायी घरी गेली होती, कारण बसमध्ये बसून एवढा आनंद मावला नसता.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी येईना. चौदा महिने विभागात डॉक्टरच नव्हते. ती होती, एक सिस्टर होती. ती फोटो काढायची, दुपारी दूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची, तिथले डॉक्टर बघून दोन ओळींचं उत्तर धाडायचे. पेशंटला ते कधी बघत नसत. तिच्या फोटोत जे असेल तेच त्यांना दिसायचं.

त्या चौदा महिन्यांतच, एकदा मास्तर तिला घ्यायला आले असताना, तिनं त्यांचा पाय पलंगावर घेतला होता, भिंग दाबलं होतं, फोटो पाठवला होता. उत्तर आलं होतं: कुरूप. पुन्हा यायची गरज नाही.

*

नव्या डॉक्टरबाईंना येऊन दोन महिने झाले होते. वयानं तिच्या लेकीपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठ्या. चहा उभ्यानं पीत, पण पेशंटशी बोलताना बसत.

"घ्या फोटो," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि तिच्यामागे उभ्या राहिल्या.

तिनं जेलचा थेंब टाकला, भिंग टेकवलं, दाबलं. संगणकाच्या पडद्यावर फिकट, गुळगुळीत, पांढुरकं गोल उमटलं. एकही बुडबुडा नाही.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फोटोबाई, हात हलका करा. अजून. अहो, केवढं दाबताय तुम्ही! उचला जरा. जेल भरपूर घ्या आणि नुसतं टेकवा. जेलवर तरंगू दे."

तिनं हात सैल केला.

आणि पडद्यावर रक्त परत आलं. आधी कडेला एक लाल ठिपका, मग आकडा, मग एकदम सगळीकडून. केसांच्या आकड्यांसारख्या वळलेल्या, गुंतवळासारख्या, पाकळ्या-पाकळ्यांच्या रक्तवाहिन्या, आणि त्यांच्यामधून फिकट जाळी.

"हे तर भरतकाम आहे," मान उचलून बघत मास्तर म्हणाले. "जाळीवर लाल दोरा. पण टाके काही एकसारखे नाहीत."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "दाबलं की रक्त बाजूला जातं. नख दाबल्यावर कसं पांढरं पडतं, तसं. या गाठींची ओळखच रक्तवाहिन्यांवरून पटते, आणि त्याच दिसेनाशा होतात." मग त्या मास्तरांकडे वळून बसल्या. "हे कुरूप नाही. मला वाटतं, घामाच्या ग्रंथीची गाठ असावी. तळव्यावर ती होते. साधी असते. पण रंग नसलेला एक वाईट कर्करोगही भिंगाखाली थेट असाच दिसू शकतो. भिंगावरून अंदाज येतो, खात्री नाही. तुकडा काढून तपासायला पाठवू. दहा दिवस लागतील."

"आणि ते वाईटवालं निघालं तर?"

"तर पुढचं पुढे बघू. आधी कधी दाखवलं होतं का कुणाला? आधीचा फोटो आहे?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला तेव्हा तिच्या हातात भिंग होतं. ती ते पुसत राहिली. तीनदा पुसलं.

*

तुकडा काढून झाल्यावर बाहेर, दवाखान्याच्या पायऱ्या एका पायानं उतरताना मास्तर म्हणाले, "खोटं का बोललीस?"

"तोंडातून निघून गेलं."

"मग परत आत जा आणि सांग."

"दहा दिवसांनी सांगते. आधी तुमचं कळू दे."

"माझं कळायचा आणि त्याचा काय संबंध?" पण तळव्यातली भूल उतरायला लागली होती, आणि त्यांनी विषय सोडून तिचा खांदा धरला.

ते दहा दिवस घरात कुणी नीट बसलं नाही की नीट जेवलं नाही. मशीन बंद होतं. त्या घराला मशीनच्या आवाजाची इतकी सवय, की तो नसताना भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येऊ लागला आणि सगळ्यांना त्याचा राग आला. वन्संनी तर एका दुपारी त्यातला सेल काढून ठेवला. मास्तर खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवत आणि पट्टीच्या पायाकडे अशा नजरेनं बघत, जसा तो कुणी पाहुणा आहे आणि जायचं नाव घेत नाही.

"एका पायानं पण चालतं मशीन," ते चौथ्या दिवशी म्हणाले. "मोटर बसवायची. गुडघ्यानं दाबायचं बटण मिळतं."

"गप बस रे," वन्सं म्हणाल्या. त्या त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. नवरा गेल्यापासून याच घरात होत्या, आणि भावाला अजून शाळेच्या दप्तरातला समजत. "तोंडाला येईल ते बोलू नये."

"मी फक्त विचार करून ठेवतोय."

"विचार करायला आम्ही मेलोय का?" आणि त्या आत जाऊन इतका वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या की बादली भरून वाहिली.

फोटोबाई मात्र वेगळ्याच आगीत उभी होती. पायातली गाठ वाईट निघाली तर तिच्या हातानं आठ महिने खाल्ले, हे तर होतंच. ते ती रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा आठवत होती, जसा दुखरा दात जिभेनं चाचपावा तसा. पण पाचव्या दिवशी, सिस्टर जेवायला गेली असताना, तिनं यंत्रातला मास्तरांचा जुना फोटो उघडला आणि नव्याशेजारी ठेवला. जुना सुंदर होता. पांढुरका, नितळ, काठ रेखीव. नव्यात चार बुडबुडे होते आणि सगळं खरं होतं.

मग तिला सुचलं ते सुचायला नको होतं. तिनं त्या जुन्या फोटोच्या आदल्या दिवसाचा फोटो उघडला. मग त्याच्याही आदला. चौदा महिन्यांतले लाल-गुलाबी, वर आलेल्या गाठींचे फोटो ती एकेक करून काढत गेली. तळव्यावरचे, टाचेवरचे, बोटावरचे, डोक्यावरचे. सगळे स्वच्छ. सगळे फिकट. प्रत्येकाखाली दुरून आलेल्या दोन ओळी: कुरूप. चामखीळ. काळजीचं नाही. पुन्हा यायची गरज नाही.

सिस्टर परत आली तेव्हा तिच्यापुढे कागदावर एक्केचाळीस नावं होती.

"काय लिहिताय एवढं?"

"काही नाही. जुनं आवरतेय."

*

तिनं आधी पळवाट शोधली. ती काही संत नव्हती. तिला वाटलं, एकेकाला आपणच फोन करू, सहज चौकशी केल्यासारखं करू, सहज बोलावून घेऊ, हलक्या हातानं नवा फोटो काढू. डॉक्टरबाईंपुढे नवे पेशंट म्हणून जातील. कुणाला कळणार नाही, कुणाचं बिघडणार नाही.

दवाखान्यामागच्या सायकल स्टँडजवळ उभी राहून तिनं पहिला फोन लावला. माणूस एक सुतार होता.

"कोण बोलतंय? दवाखान्यातून? हे बघा बाई, माझ्याकडे पैसेही नाहीत आणि तो मोबाइलवर येणारा बँकेचा नंबर पण मी कुणाला सांगत नाही."

"अहो, कसला नंबर? तुमच्या बोटावर ती गाठ होती ना..."

"सगळं माहीत असतं हो तुम्हा लोकांना," म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसरा नंबर बंद होता. तिसऱ्या नंबरवर एक सून बोलली. सासरे आता धाकट्याकडे असतात, त्यांचं आमच्याकडे काही नाही, गाठही नाही आणि माणूसही नाही, असं तिनं एका दमात सांगून टाकलं.

चौथी होती शाळेत घंटा देणारी मावशी. सात महिन्यांपूर्वी आली होती, टाचेवर लाल गाठ घेऊन. पलंगावर चढताना म्हणाली होती, "जपून हं बाई, गुदगुल्या होतात मला." फोटोबाईला ती चांगली आठवत होती, कारण भिंग दाबल्यावर ती हसली नव्हती, कळवळली होती.

"बरी आहे की," मावशी म्हणाली. मागे पोरांचा गलका होता. "वाढलीय जरा. रक्त येतं अधूनमधून, मोज्याला लागतं. पण तुम्हीच सांगितलंत ना, काही नाही म्हणून? मग मी लक्षच देत नाही."

फोटोबाईनं सायकल स्टँडचा लोखंडी दांडा धरला.

"एकदा येऊन जा मावशी. उद्याच या."

"उद्या? उद्या कशी येऊ? मागच्या खेपेला दवाखान्यात गेले आणि निघालं कुरूप, तर मुख्याध्यापकबाईंनी केवढं ऐकवलं! आता म्हणतात, कागद आणल्याशिवाय सुट्टी नाही. डॉक्टरांच्या सहीचा. तुम्ही कागद पाठवा, लगेच येते."

"कागद..."

"हो. काय झालंय बाई? वाईट आहे का काही?"

"नाही नाही," फोटोबाई म्हणाली. "म्हणजे, मला माहीत नाही."

पलीकडून घंटा वाजली. "थांबा हं, मला जायचं," मावशी म्हणाली, आणि मग तिच्याच हातची घंटा फोनमधून टणटणत राहिली. फोन बंद करायला ती विसरली होती. फोटोबाई ती घंटा संपेपर्यंत ऐकत उभी राहिली. पळवाट तिथे बंद झाली. सहीचा कागद एकच माणूस देऊ शकत होता, आणि तो मागायचा तर का ते सांगायला हवं होतं.

*

दहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी दोघांनाही बसायला सांगितलं. बसायला सांगितलं म्हणून दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

"साधी आहे," त्या लगेच म्हणाल्या. "घामाच्या ग्रंथीचीच गाठ. कर्करोग नाही. पण अर्धवट ठेवून चालायचं नाही, पूर्ण काढून टाकू. नंतर चाळीस दिवस पायडल बंद."

 मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला, परत काढला.

"घामाची गाठ," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे चाळीस वर्षांचा घाम एका जागी साठला म्हणायचा."

"तसं काही नसतं हो," डॉक्टरबाई हसल्या.

"असू दे. मला आवडलं. लोकांना सांगायला बरं."

फोटोबाईनं तोंड उघडलं. यादी तिच्या पर्समध्ये चौघडी करून ठेवली होती. पण तेवढ्यात डॉक्टरबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमचा हात आता छान हलका झालाय. परवाचे फोटो मी दुसरीकडे दाखवायला ठेवलेत." आणि तिचं उघडलेलं तोंड मिटलं. पंचावन्न वर्षांच्या बाईला कौतुकानं असं गप्प करता येतं, याची तिला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की घरी येईपर्यंत पर्स तिनं काखेत आवळून धरली होती.

घरी लेक आलेली होती. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, आणि आज अर्धा दिवस टाकून आली होती. बातमी ऐकून तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले. वन्सं भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मग एकदम घड्याळात सेल घालायला लागल्या.

"आई, तू का अशी?" लेक म्हणाली. "सुटलो की आपण!"

"आपण सुटलो," ती म्हणाली, आणि पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला. मग सगळं सांगितलं. सुतार, सून, घंटा. डॉक्टरबाईंना "नाही" म्हटलं तेही.

 मग सगळेच बोलायला लागले.

"आई, तुझी नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. तू स्वतःहून जाऊन सांगितलंस की चौदा महिने माझे फोटो चुकीचे होते, तर पुढच्या वर्षी ठेवतील तुला?"

"नाही ठेवणार बहुतेक."

"आणि बाबांचं मशीन चाळीस दिवस बंद!"

"माहीत आहे."

"अगं, पण तुझी एकटीची चूक आहे का ही?" मास्तर म्हणाले. "त्या मोठ्या डॉक्टरांनीच शिकवलं ना तुला, बुडबुडे नकोत म्हणून? ते लांबचे डॉक्टर काय झोपा काढत होते? त्यांना कळायला नको?"

"त्यांना कसं कळणार? रक्त मी पुसून पाठवत होते."

"पुसून काय पुसून! उगाच अंगाला लावून घेऊ नकोस."

"आणि बहुतेकांचं साधंच असणार," वन्सं म्हणाल्या. "याचं निघालंच की साधं. तू गप्प राहिलीस तर काय जगबुडी येणार आहे?"

ती उठली. फळीवरून काचेचा पेला काढला, वन्संजवळ गेली आणि म्हणाली, "हात द्या."

वन्सं आत्ताच गरम पाण्यात भांडी घासून उठल्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल झाले होते. तिनं पेल्याचा तळ त्यांच्या मनगटावर ठेवला आणि दाबला, तिच्या सवयीच्या जोरानं.

"बघा काचेतून. काय दिसतं?"

"काय दिसणार? माझाच हात."

"लाल आहे?"

वन्संनी मान वाकवली. काचेखाली कातडी मेणासारखी पांढरी होती. "नाही," त्या म्हणाल्या.

तिनं पेला उचलला. क्षणभर पांढरं कडं राहिलं, आणि मग कडेकडून लाली आत भरत आली. वन्सं बघत राहिल्या. त्यांनी ती जागा दुसऱ्या हातानं चोळली, मग तो हात पदराखाली घेतला.

"असे एक्केचाळीस," ती म्हणाली.

"सगळ्यांचं सांगू नकोस मग," लेक म्हणाली. आता तिचा आवाज रडवेला झाला होता. "त्या मावशींचं तेवढं सांग. दवाखान्यात सहज भेटल्या म्हण. एक कागद कुणी पण देईल."

"आणि सुताराचं?"

"त्यानं तर फोनच ठेवला ना तुझा!"

"माझा ठेवला. दवाखान्याचा नाही ठेवणार."

मास्तर स्टुलावरून पाय खाली घेऊन बसले होते. पट्टीच्या पायानं त्यांनी सवयीनं जमिनीवर दोनदा पायडल मारल्यासारखं केलं, आणि कळ येऊन थांबले. "माझं वाईट निघालं असतं," ते हळूच म्हणाले, "आणि हे दुसऱ्या कुणा फोटोबाईनं केलं असतं, तर मी तिचं काय केलं असतं माहीत आहे? जन्मात तोंड बघितलं नसतं तिचं."

"मग?" लेक म्हणाली. "म्हणजे जाऊ दे तिला?"

"मी कुठे काय म्हणतोय? मी फक्त आपलं सांगितलं." आणि त्यांनी मान खिडकीकडे वळवली, जिथे गिऱ्हाइकाचा सायीच्या रंगाचा पडदा दहा दिवस घडी घालून पडला होता. डाग निघाला नव्हता. फिकट झाला होता, पण माहीत असलेल्या माणसाला दिसत होता.

फोटोबाईनं पेला विसळून फळीवर उपडा ठेवला. कागदाची घडी परत घातली, पर्समध्ये ठेवली आणि पर्स दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

"उद्या आठ वाजता मी डॉक्टरबाईंना यादी देणार आहे," ती म्हणाली. "सगळी. वन्सं, डबा करू नका. दुपारपर्यंत घरीच पाठवतील बहुतेक."